चोरी केली असल्यास कृपया कळवावे

ओल्शोवा, १९ एप्रिल १९९५

विहीणबाई ब्लाझेना यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही तिश्नोवला सुखरूप पोचल्याचं तुमच्या इवोनाकडून कळलं. ईस्टरसाठी तुम्ही आणलेला कोकराच्या आकाराचा केक उत्कृष्ट होता. बसमध्ये कोकराचं डोकं गळून पडलं होतं, पण त्याने चवीत काही फरक पडला नाही. इवोना आणि माझा रादिम सोमवारी संध्याकाळीच परत गेले आणि घर पुन्हा शांत झालं.

आता मूळ विषय. सगळा जन्म रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये गेल्यामुळे मला गोष्टी फिरवून फिरवून सांगता येत नाहीत. माझ्या खडकबागेत, वरच्या दोन शिळांच्या फटीत विल्मा आहे. तुम्हाला माहीत आहेच, तरी नोंद राहावी म्हणून लिहितो. हा नेत्रेस्क, म्हणजे जाड पानांचा गुलाबासारखा गड्डा धरणारं हे खडकावरचं झाड, माझ्या बायकोने स्वतः बी पेरून, उगवलेल्या सगळ्या रोपांतून निवडून काढला. गावातल्या कौलांवर वीज पडू नये म्हणून लावतात तो साधा हिरवा नेत्रेस्क नव्हे. हा गड्डा हिवाळाभर बर्फाखाली पडून राहतो आणि वसंतात वाइनसारखा लाल होऊन वर येतो. असा रंग आपल्या खडकबागवाल्यांच्या क्लबात कुणाकडेही नाही. ती गेल्यावर मी त्याला तिचं नाव दिलं. येत्या मे महिन्यात क्लबाच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदाच मांडायचा आहे.

गड्डा मोठा व्हावा म्हणून मी त्याच्या बुडाशी फुटणारी पिल्लं नखकात्रीने खुडून टाकतो. यंदा एकच पिल्लू मागच्या बाजूला राखलं होतं. ते सोमवारी सकाळी जागेवर होतं आणि मंगळवारी नव्हतं. सोमवारी बागेत मी सोडून फक्त तुम्ही होतात, तुमची तपकिरी पर्स घेऊन. त्या पर्समध्ये ओला रुमाल आणि नखांची कानस कायम असते, हे क्लबाच्या प्रत्येक सहलीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी आरोप करत नाही. फक्त चोरी केली असल्यास कृपया कळवावे.

आपला,
ओतमार हावलिक


तिश्नोव, २४ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात शेगडीवरचे बटाटे करपले, तेही तुमच्याच खाती.

होय, मी रोपं चोरते. त्यात लपवायचं काय आहे? राजवाड्यातून चोरलीत, सरकारी वनस्पतिबागेतून चोरलीत, दफनभूमीतून चोरलीत, आणि एकदा दाताच्या डॉक्टरच्या खिडकीतून, दाढ काढून घेतल्यावर, तोंडात कापूस असताना. आपल्याकडे कोण चोरत नाही? दिलेलं रोप रुसतं आणि चोरलेलं मूळ धरतं, हे तुमच्या विल्मालाही ठाऊक होतं. ती माझ्याकडे आली की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसायचे, म्हणजे तिला निवांत हात मारता यावा. त्याला म्हणतात रीतभात.

पण तुमच्याकडून मी चोरलेलं नाही. चोरणार कशी? त्या दगडापुढे तुम्ही पाऊण तास माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होतात. मला शिंकायची चोरी झाली होती. आणि व्याह्यांच्या घरून चोरायचं म्हणजे पोरीच्या संसारात कुरबूर, एवढी अक्कल मला आहे.

दुसरं असं की पिल्लं खुडून टाकता हे तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय. मी मागच्या वर्षी एक मागितलं, तर म्हणालात, "पुढल्या वर्षी बघू." त्याच्या मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात. माणसाला द्यायचं नाही आणि फेकून द्यायचं, हा कुठला न्याय? इतक्या वर्षांत तुमच्याकडून मला मिळालं काय, तर दोन पोती जुनी खडी, तीही तुम्हाला जागा मोकळी करायची होती म्हणून. ती मी बसमध्ये मांडीवर घेऊन आले आणि वर तुमचे आभार मानले. मूर्ख मी.

माफी मागेपर्यंत पत्र लिहू नये.

ब्लाझेना पेश्कोवा

ता. क. केकाचं डोकं बसमध्ये गळलं नव्हतं. तुमच्या रादिमने ते ओट्यावरच मोडून खाल्लं आणि मी त्याला सांभाळून घेतलं. यापुढे घेणार नाही.


ओल्शोवा, ११ जून

विहीणबाई,

माफी मागतो. काल छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो. तिथे कस्तूर पक्ष्याचं घरटं होतं, आणि घरट्याच्या काठावर माझं पिल्लू, वाळून कोळसा झालेलं. म्हणजे चोर काळ्या पिसांचा निघाला. मी शिडीवर उभा राहूनच तुमची एकदा माफी मागितली. ही दुसरी, लेखी.

मात्र हे पत्र तेवढ्यासाठी नाही. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात विल्माच्या मधोमध मला उंचवटा दिसला. मी स्वतःला समजावलं, की खतपाणी चांगलं मिळालंय, गड्डा भरतोय. दोन दिवसांनी तो उंचवटा बोटभर वर आला. मी प्रदर्शनाला गेलो नाही. आता तिथे वीतभर दांडा आहे आणि टोकाला कळ्या आहेत.

याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. नेत्रेस्कचा गड्डा एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. बाकी कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण भोवती पिल्लं असतात आणि ती पुढे चालवतात. माझ्याकडे भोवती स्वच्छ खडी आहे. सगळी पिल्लं मी खुडली. हा रंग जगात दुसरीकडे कुठेही नाही, कारण मी तो कुठे जाऊच दिला नाही.

म्हणून आता माझी विनंती उलटी आहे. तुम्ही कधीतरी, कुठल्याही वर्षी, माझी पाठ वळलेली असताना, चोरी केलेली असावी अशी मी मनापासून आशा करतो. मी रागावणार नाही. क्लबात बोलणार नाही. रादिमला सांगणार नाही. नीट आठवून बघा. तुम्ही चोर निघालात तर माझ्यावर फार उपकार होतील.

आपला,
ओतमार


तिश्नोव, १६ जून

व्याहीबुवा,

माफी पोचली. स्वीकारली.

आठवून बघितलं. पर्स उलटी केली, अस्तर फाडून बघितलं, गेल्या वर्षीचा कोट झटकला. एक चेरीची बी आणि ब्रनोच्या ट्रामचं तिकीट निघालं. नाही हो चोरलं. मला आयुष्यात पहिल्यांदाच प्रामाणिकपणाची लाज वाटतेय.

मी गप्प बसले नाही. क्लबातले चोर मला सगळे ठाऊक आहेत, एकेकाला फोन लावला. मास्तरीण काद्लेत्सोवा म्हणाली, तिने दोनदा प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा तुम्ही फाटक बंद केल्यासारखे आडवे उभे होतात. जर्मन शिकवणारे ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, त्यांनी बुटाची लेस बांधायचं निमित्त करून गुडघा टेकला, तर तुम्ही स्वतः वाकून त्यांची लेस बांधून दिलीत. असा पहारा तुम्ही रेल्वेच्या फाटकावर दिला असेल तर तिथे कुत्रंसुद्धा मेलं नसणार.

आता ऐका. तो दांडा फुलायच्या आत बुडातून कापा. कधी कधी मग बुंध्याशी पिल्लं फुटतात. वाईट वाटेल, पण कापा. पाणी अजिबात घालू नका. ही झाडं थंडीने मरत नाहीत, ओलीने मरतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. पाऊस आला तर वर काच धरा.

आणि जेवत जा. इवोना सांगत होती की तुम्ही उभ्याउभ्या पावाला चरबी लावून खाता आणि त्याला रात्रीचं जेवण म्हणता. माझा आलोइस गेल्यावर मीही वर्षभर पातेल्यातूनच खात होते, तेव्हा मला सांगू नका की भूक नसते.

ब्लाझेना


ओल्शोवा, ४ जुलै

विहीणबाई,

दांडा कापला. कात्री उचलून तीनदा खाली ठेवली, मग कापला. पाणी बंद केलं. पाऊस आला तेव्हा खिडकीची काच काढून तिच्यावर आडवी ठेवली, त्यामुळे स्वयंपाकघरात पाणी आलं. काही फुटलं नाही. खालची पानं कागदासारखी झालीत आणि बोट लावलं की गळतात. मधला भाग अजून लाल आहे, पण तो किती दिवस राहील सांगता येत नाही.

मी रोज सकाळी कॉफीचा ग्लास घेऊन दगडावर बसतो. तिथे बसून विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि ते बरं नाही. विल्मा होती तेव्हा या बागेत काहीच आमचं नव्हतं. पोस्टवाली आली की पिल्लू घेऊन जायची, पाद्रीबाबा यायचे ते रिकामा डबा घेऊनच यायचे. मी कुरकुर करायचो. म्हणायचो, अगं, आपल्याला काही राहील की नाही. ती हसायची आणि आणखी एक उपटून द्यायची. हा लाल नेत्रेस्क तेवढा तिच्या शेवटच्या वर्षी रंगला. तो कुणाला द्यायला तिला वेळ मिळाला नाही.

ती गेल्यावर मला वाटलं, तिचं एवढंच उरलंय, ते वाटलं तर संपेल. आता न वाटल्यामुळे संपतंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. रादिमला सांगितलं तर तो म्हणेल, बाबा, झाड आहे ते. झाडच आहे, मला कळतं. तरी सकाळी उठून बाहेर जायला मला तेच एक कारण होतं.

शेवटचा उपाय म्हणून काल शेडमागे गेलो. खुडलेली पिल्लं मी तिथल्या जुन्या खडीच्या ढिगावर फेकत असे. एखादं चिवटपणे जगलं असेल, असं वाटलं. पण ढीगच नाही. गेल्या शरदात गावच्या जत्रेआधी मी शेडमागची जागा मोकळी केली होती, एवढं आठवतं. खडी कुंपण दुरुस्त करणाऱ्यांनी नेली असावी. ते लोक आता कुठे काम करतात याची चौकशी करतोय.

पाव टेबलावर बसून खाल्ला. तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं.

आपला,
ओतमार


तिश्नोव, ७ जुलै

व्याहीबुवा,

खाली बसा आणि मग वाचा. दगडावर नको, खुर्चीत.

खडी कुंपणवाल्यांनी नेली नाही. मी नेली. दोन पोती, बसमध्ये, मांडीवर, जत्रेतलं भाजलेलं बदक पायाशी ठेवून. एप्रिलमध्ये तुम्हाला तसं स्पष्ट लिहिलंही होतं, पण रागाने लिहिलेलं पत्र माणूस नीट वाचत नाही, हे मला समजतं.

ती खडी मी घरी आल्यावर बदक भाजायच्या जुन्या एनॅमलच्या पातेल्यात ओतली. त्याचं बूड गंजून भोकं पडली होती, स्वयंपाकाला निकामी, म्हणून म्हटलं यात काहीतरी लावू. लावलं काहीच नाही. पातेलं कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, दक्षिणेच्या भिंतीला पडून राहिलं. त्यात वसंतात काहीतरी हिरवं आलं. मला वाटलं, माझ्या छपरावरच्या साध्या नेत्रेस्कचं पोर वाऱ्याने पडलं असेल. रोज सकाळी मी धान्याची बादली घेऊन त्याला ओलांडून जाते.

आज तुमचं पत्र वाचलं आणि हातातली बादली तशीच टाकून गेले. गुडघे टेकले. हिरवं कुठलं, उन्हाने लाल झालंय, वाइनसारखं, टोकांना काळसर. खाली भोकं असल्यामुळे पाणी ठरत नाही, म्हणून हिवाळाही सोसला. आणि त्याला स्वतःची पिल्लं आहेत. एक तर पातेल्याच्या कडेवरून खाली लोंबतंय, कोंबड्यांना चिडवत. मी तिथेच बसून थोडी रडले. मग कोंबड्यांनी सांडलेलं धान्य खाऊन टाकलं हे दिसलं आणि रडणं थांबलं.

आता पुढचं नीट ऐका. मी ते पोस्टाने पाठवणार नाही आणि तुमच्या हातातही देणार नाही. तुम्ही सभ्य गृहस्थ आहात, तुम्ही लगेच आभार मानाल, आणि आभार मानलेलं रोप जगत नाही. खडीचे आभार मी मानले तेव्हा आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून ते वाचलं. पुन्हा नशीब बघायचं नाही. तुम्ही येऊन चोरायचं.

शनिवारी १५ तारखेला मी दिवसभर बहिणीकडे असेन. फाटकाला कडी नसेल. आझोर भुंकेल, पण त्याला सॉसेजचा तुकडा टाकला की तो तुमचा. शेजारीण क्रोउपोवा हिला सांगून ठेवलंय की एक उंच गृहस्थ चोरीसाठी येतील, त्यांच्याकडे बघू नये. ओला रुमाल आणा. नखकात्री आणू नका, ती तुमच्या हातात बघवत नाही. पिल्लाच्या देठाशी दोन बोटं घालून हळूच ओढा, ते येतं.

ब्लाझेना


ओल्शोवा, १७ जुलै

विहीणबाई,

शनिवारी काय झालं ते अर्धं तुम्हाला माहीत आहे. अर्धं माहीत नाही, ते लिहितो.

मी बसमधून उतरलो तेव्हा माझ्या खिशात ओला रुमाल आणि सॉसेज होतं. मी आयुष्यात कधी तिकिटाशिवाय प्रवास केलेला नाही. नोकरीत असताना स्टेशनातली पेन्सिल घरी आली, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवत असे. तुमच्या फाटकाशी उभा राहिलो तर पाय पुढे जाईनात. शेजारीण क्रोउपोवा कुंपणापलीकडे होत्या. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि समोरच्या भिंतीला झारीने पाणी घालायला लागल्या. वर मोठ्याने म्हणाल्या, "मी बघत नाहीये, चालू द्या." त्यामुळे पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं बघायला आली.

आझोरने सॉसेज घेतलं आणि माझ्या टोपीवर बसला. मी पातेल्यापाशी गुडघे टेकले. विहीणबाई, ती तिथे होती. अगदी तीच, पण लहान, आणि भोवती पोरं. मी दोन बोटं घातली देठाशी. मला वाटत राहिलं की विल्मा मागे उभी राहून हसतेय, की बघा, आता याला चोरावं लागतंय. तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी काचेवर टकटक केली आणि म्हणालो, "विहीणबाई, तुम्ही घरी आहात आणि माझ्याकडून चोरी होत नाही." आतून तुमचा आवाज आला, "मी बहिणीकडे आहे." मी म्हणालो, "बरं, मग बहिणीकडून कॉफी मिळेल का?"

त्यानंतर किती वेळ गेला मला कळलं नाही. खसखस भरलेल्या गोड पावांचं ताट रिकामं झालं, एवढं आठवतं. आलोइस बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि एकदा मयतीच्या मिरवणुकीत चुकून लग्नाचा ठेका धरला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी इतका हसलो की आझोर घाबरून टेबलाखाली गेला. शेवटच्या बसचा हॉर्न वाजला, तुम्ही माझी टोपी झटकलीत, मी धावलो.

घरी येऊन टेबलावर रुमाल उघडला. त्यात एक खसखशीचा पाव होता. दुसरं काही नव्हतं.

मी ती विसरलो, विहीणबाई. जिच्यासाठी गेलो तीच विसरलो. विल्मा गेल्यापासून एवढ्या दिवसांत मी तिला घटकाभरही विसरलो नव्हतो. बागेतली वाळून गेलीय, आज सकाळी हात लावला तर मुळासकट हातात आली. मला फार अपराधी वाटायला हवं होतं. मी दगडावर बसून वाट बघितली, पण वाटलं नाही. तो पाव खाल्ला.

मला पुन्हा यावं लागेल. तुमची हरकत नसेल तर येत्या शनिवारी.

ओतमार


तिश्नोव, २० जुलै

ओतमार,

या. शनिवारीही मी बहिणीकडेच आहे, दुपारपासून. आणि बहिणीने बदक भाजायचं ठरवलंय, नवीन पातेल्यात, तेव्हा उपाशी या.

वाळलेल्या गड्ड्याची जागा तशीच ठेवा. दोन शिळांच्या फटीतली माती बोटाने मोकळी करा आणि वर थोडी भरड खडी पसरा. पोस्टवाली आणि पाद्रीबाबा यांना निरोप द्या की पुढल्या वसंतात डबे घेऊन यावं.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही धावत फाटकाबाहेर पडलात तेव्हा मी खुराड्याशीच उभी होते. पातेलं माझ्या पायाशी होतं आणि पिल्लू जागच्या जागी होतं, ते मला दिसलं. बस अजून वळणावर थांबलेली होती, दार उघडं होतं. हाक मारली असती तर तुम्हाला सहज ऐकू गेली असती.

मी मारली नाही.

ब्लाझेना